परवलीचा शब्द बरोबर, तरीही प्रवेश नाही

उबुंटूवर परवलीचा शब्द अचूक देऊनही पडदा क्षणभर काळवंडतो आणि पुन्हा प्रवेशाचीच चौकट समोर येते. अशा वेळी प्रणाली नव्याने बसवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो घाईने मानल्यास विद्यार्थ्यांचे वर्षभराचे लेखन पुसले जाते. पुष्कळदा डिस्क भरलेली असते, एवढेच. कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ या कळा एकत्र दाबून अक्षरी पडद्यावर प्रवेश करावा (तेथे टंकलेला परवलीचा शब्द दिसत नाही, घाबरू नये) आणि रोमन लिपीत ‘डीएफ -एच’ ही आज्ञा द्यावी. तिरक्या रेघेने दर्शविलेला मूळ विभाग १०० टक्के भरलेला दिसल्यास ‘सुडो एपीटी क्लीन’ ही आज्ञा उतरवलेल्या पॅकेजच्या प्रती काढते; बसवलेले सॉफ्टवेअर शाबूत राहते. तेवढ्याने प्रवेश मिळताच कचरापेटी रिकामी करावी. आमच्या प्रयोगशाळेत तीत चित्रपट साठले होते.