डॉक्टरला समाधान कशात मिळते?

"डॉक्टरनं माह्या पोराकडे मान वर करून पायलंबी नाई." वस्तीतल्या आयाबाया ही तक्रार आमच्याकडे नेहमी करतात. ती खोटी नसते. पण टेबलापलीकडच्या माणसाचे काय चालले असते, याचा विचार आपण फारसा करत नाही. त्याचा संबंध सरळ आपल्या उपचाराशी आहे.

साधा हिशेब करा. चार तासांची ओपीडी आणि ६० रुग्ण, म्हणजे एकाला चार मिनिटे. सर्दी-खोकल्याला ती कशीबशी पुरतात. उदासीचा आजार मात्र एक्स-रेत दिसत नाही. तिथे ऐकून घेणे हीच मुख्य तपासणी. झोप कधी उडाली, दारू किती, जीव द्यावासा वाटतो का, हे चार मिनिटांत कोण सांगेल? जे काम शिकलो तेच नीट करता येत नाही, ही डॉक्टरची खंत पगारवाढीने जात नाही. अमेरिकेतल्या बारा हजारांहून अधिक डॉक्टरांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात म्हाताऱ्या माणसांवर उपचार करणारे डॉक्टर सर्वांत समाधानी गटांत निघाले, आणि ती काही तिकडची मोठ्या कमाईची शाखा नव्हे.

आपल्याकडे माणसेच कमी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता येत नाही. हवेत निदान तीन. जे आहेत ते बहुतेक शहरात. धारणी-चिखलदऱ्याच्या माणसाने अमरावती गाठायची म्हणजे दिवसाची मजुरी गेली.

आणखी एक गोष्ट आम्हाला रुग्णांसोबत जाऊन जाऊन कळली. बरा झालेला रुग्ण डॉक्टरकडे परत जातच नाही. शेजारी विचारतील म्हणून तो "शुगर तपासायला गेलो होतो" म्हणतो आणि पुढे तिकडे फिरकत नाही. परत येतो तो गोळ्या मध्येच सोडून पुन्हा बिघडलेला. म्हणजे डॉक्टरच्या डोळ्यांसमोर सगळे न सुधारलेलेच. आपल्या हाताला यश आहे, हे त्याला कळावे कसे?

ओझे वाटून घेता येते, हे आपल्याच जिल्ह्यात दिसले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर बोलणे, धीर देणे आणि गरज असेल त्यालाच डॉक्टरकडे पाठवणे, असे काम चालले. उदासीच्या शंभर रुग्णांत पूर्वी चारांपर्यंतच मदत पोचत होती, ती सत्तावीसपर्यंत गेली.

आता आपल्या लेकरांचे. वस्तीतून कोणी एमबीबीएसला लागले की आपण पेढे वाटतो, आणि वाटावेतच. पण डॉ. पायल तडवी विसरू नका. जळगावची ही आदिवासी मुलगी मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २०१९ च्या मे महिन्यात तिने जीव दिला. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे. जिथे रोज अपमान होतो तिथे कामाचे समाधान कुठले? म्हणून फोनवर नुसते "अभ्यास कसा चालला" विचारू नका. झोपतेस का, जेवतेस का, कोणी टाकून बोलते का, तेही विचारा.

दवाखान्यात जाताना जुनी फाइल आणि चालू गोळ्यांची पाकिटे न्या. सोबत रुग्णाबरोबर राहणारे एकच माणूस असावे. पाच जण बोलू लागले की चार मिनिटे त्यातच जातात. तीन मुख्य त्रास कागदावर लिहून ठेवा. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटले तरी त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबवायच्या नाहीत. बरे वाटल्यावर एकदा तेवढे सांगायलाही जा.

दवाखाना दूर असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे, मराठीतही बोलता येते. वसतिगृहात राहून डॉक्टरकी शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींच्या मोबाइलमध्येही तो टाकून द्या.