अंगणातील गाडीघर

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावाजवळ, गाढवी नदीवर इटियाडोहाचे मातीचे धरण आहे. १९७० च्या सुमारास हे धरण बांधून झाले. त्या वेळी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे; गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. धरणाचे पाणी कालव्यांनी खाली उतरते आणि दूरवरच्या धानाच्या बांध्यांत पसरते. पाणी आले तसे शेतीचे काम वाढले, आणि बैलबंडीच्या शेजारी हळूहळू ट्रॅक्टर येऊन उभा राहिला.

बंडीला घर लागत नाही. चार खांबांचा मांडव, वर तणसाचे छप्पर, एवढ्यावर तिचे भागते. ट्रॅक्टरचे तसे नव्हे. कालव्याखालच्या एका गावातील एका शेतकऱ्याने जुना ट्रॅक्टर विकत घेतला आणि पहिला पावसाळा तो मोहाच्या झाडाखाली उभा केला. दिवाळीपर्यंत त्याच्या पत्र्याला गंज चढला, तारांची वेष्टने उंदरांनी कुरतडली आणि दुरुस्तीला बरेच पैसे गेले. तेव्हा घरच्या मंडळींनी ठरविले की, पुढच्या मृगाच्या आत अंगणात गाडीघर उभे करावयाचे, आणि तेही घरच्याच हातांनी. घरात शेतकरी, त्याचा धाकटा भाऊ, बारा वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा आणि आजी एवढी माणसे होती. मुलांची आई कामाचा आणि खर्चाचा हिशेब ठेवणार होती.

पहिला वाद जागेवरून झाला. काका म्हणाले, "घराच्या भिंतीलाच टेकून छप्पर काढू. एक भिंत वाचेल."

आजीने मान हलवली. "तेलाची गाडी चुलीच्या भिंतीला टेकवायची नाही. आणि तणसाच्या ढिगाजवळही नाही."

आजीचे म्हणणे अनुभवाचे होते, पण त्याला शास्त्राचाही आधार आहे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. डिझेल इतके लवकर पेटत नाही, परंतु ट्रॅक्टरच्या शेजारी मोटारसायकलही उभी राहणारच होती. शिवाय बंद जागेत इंजिन चालू ठेवले, तर धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून माणसाला त्याची चाहूल लागत नाही, आणि तो प्राण घेतो. कार्ल बेंझ याने १८८६ मध्ये आपल्या मोटारगाडीचे पेटंट घेतले. त्यानंतरच्या काळात श्रीमंत लोक आपल्या मोटारी घोड्यांच्या पागेतच ठेवीत. पागेत गवत, आणि मोटारीत पेट्रोल! पुढे मोटारीसाठी निराळे घर बांधण्याची चाल पडली आणि त्याला फ्रेंच भाषेतून 'गॅरेज' हे नाव मिळाले. गाडी सुरक्षित जागी ठेवणे, असा त्या मूळ शब्दाचा भाव आहे. तेव्हा आजीचेच खरे ठरले. घरापासून वीस पावले दूर, सांदवाडीच्या कडेला जागा मुक्रर झाली आणि ग्रामपंचायतीची परवानगी घेण्यात आली.

गाडीघर सोळा फूट लांब आणि बारा फूट रुंद करावयाचे होते. खुंट्या ठोकून सुतळी ताणली. नजरेला चौकोन अगदी सरळ दिसत होता. काकांनी खड्डे खणण्यासाठी सब्बल उचललीही. पण मुलीने शाळेत शिकलेली एक गोष्ट आठवून फीत मागितली. ज्या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू तीन आणि चार असतात, त्याची तिसरी बाजू पाच असते. यज्ञाच्या वेदी आखण्यासाठी आपल्याकडील शुल्बसूत्रकारांनी दोरीच्या अशाच मापांचा उपयोग केला होता. तीन, चार आणि पाच यांची चौपट केली की बारा, सोळा आणि वीस होतात. म्हणजे या चौकोनाचा प्रत्येक कर्ण बरोबर वीस फूट भरला पाहिजे. एक कर्ण वीस फूट सात इंच भरला. दुसरा एकोणीस फूट पाच इंच. चौकोन तिरपा होता! एका बाजूच्या दोन्ही खुंट्या थोड्या सरकवून दोन्ही कर्ण जुळेपर्यंत दुपार झाली. काकांना ही कटकट वाटली. परंतु जमिनीवर राहिलेली चूक खांबांबरोबर वर चढते आणि छपराचे पत्रे बसवताना एकदम उघडी पडते. तेव्हा ती सुधारणे फार जड जाते.

मग समपातळीचा प्रश्न आला. अंगण डोळ्यांना सपाट वाटे, तरी ते दक्षिणेकडे उतरते होते. गवंडी यासाठी एक साधी युक्ती करतात. पारदर्शक लांब नळीत पाणी भरतात, आत हवेचा बुडबुडा राहू देत नाहीत, आणि नळीची दोन टोके दोन ठिकाणी उभी धरतात. मधली नळी कशीही वाकडीतिकडी पडलेली असो, दोन्ही टोकांतील पाणी एकाच उंचीवर स्थिर होते. मुलाने एक टोक धरले, मुलीने दुसरे, आणि काकांनी प्रत्येक खुंटीवर कोळशाने रेघ ओढली. उत्तरेची आणि दक्षिणेची जमीन यांत पाच इंचांचा फरक निघाला.

या भागाला पाण्याची पातळी ओळखणे नवे नाही. जवळच नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने तो बांधला, असे सांगतात. कोहळी समाजाने या मुलखात अनेक तलाव बांधले. जमिनीचा उतार कोठे आहे, पाळ कोठे घातली असता थोड्या मातीत पुष्कळ पाणी अडेल, हे त्यांना अचूक कळे. भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, त्याचे बरेचसे श्रेय या माणसांकडे जाते. त्यांच्यापुढे सहा खांबांचे गाडीघर ते काय! तरी पाण्याचा नियम दोन्हीकडे एकच.

प्रत्येक लांब बाजूला तीन, याप्रमाणे सहा खड्डे अडीच फूट खोल खणले. वरची माती काळी, कन्हार जातीची होती. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. म्हणून खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत खणणे भाग पडले. खांब ऐनाच्या लाकडाचे होते. जमिनीत जाणाऱ्या भागाला वाळवी लागू नये म्हणून त्यांना डांबर फासले. खड्ड्याच्या तळाशी दगड बसवून त्यावर खांब उभे केले, ओळंबा लावून सरळ केले आणि भोवती सिमेंट, रेती व गिट्टी यांचा ओला काला भरला. हा काला केवळ वाळला म्हणजे पक्का होत नाही. सिमेंटाला घट्ट होण्यासाठी पाणीच लागते. म्हणून सात दिवस त्यावर गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपण्याचे काम मुलांकडे आले. उत्तरेचे खांब जमिनीवर दहा फूट आणि दक्षिणेचे आठ फूट ठेवले, म्हणजे छपराला दक्षिणेकडे उतार मिळणार होता.

मे महिना अर्धा सरला. खांबांवर मयाल चढले, वासे बसले, पत्रे अंगणात येऊन पडले. दुपारी आभाळ भरून आले. काका म्हणाले, "आजच पत्रे ठोकून टाकू. पाऊस आला तरी मग काळजी नाही."

"तिरपे दांडे बसल्याशिवाय पत्रा चढवायचा नाही," शेतकरी म्हणाला.

"दादा, दांडे काय, उद्या ठोकता येतील."

तेव्हा शेतकऱ्याने बांबूच्या चार कामट्या घेतल्या, टोके सुतळीने बांधून चौकट केली आणि ती भावाच्या हाती दिली. एका कोपऱ्याला ढकलताच चौकट वाकडी झाली. मग पाचवी कामटी कर्णावर बांधली. आता कितीही ढकलले तरी चौकट हलेना. कारण तिचे दोन त्रिकोण झाले होते, आणि बाजूंची लांबी बदलल्याखेरीज त्रिकोणाचा आकार बदलत नाही. काकांनी मुकाट्याने पत्र्यांवर धोंडे रचले आणि भावाबरोबर दांडे ठोकू लागले. चारपैकी तीन बाजूंना दांडे बसले आणि वादळ आले.

वारा पश्चिमेकडून सुटला. धुळीने समोरचे दिसेनासे झाले. मोहाची एक फांदी कडाडून खाली आली. सारी मंडळी सपरीत उभी राहून गाडीघराच्या सांगाड्याकडे पाहत होती. तीन बाजू जागच्या हलल्या नाहीत. दांडा नसलेली पूर्वेची बाजू मात्र वाऱ्याच्या झोताबरोबर करकरत होती. सांगाड्यावर छप्पर नव्हते हेच बरे झाले. छपरावरून जोराचा वारा वाहू लागला की वरचा दाब कमी होतो, आतला वारा खालून ढकलतो, आणि सारे छप्पर पतंगासारखे वर उचलले जाते. अर्ध्या तासाने पाऊस थांबला. काका सर्वांच्या आधी बाहेर गेले आणि चौथा दांडा घेऊन शिडीवर चढले. पूर्वेच्या बाजूने ट्रॅक्टर आत यावयाचा असल्यामुळे तेथे पूर्ण तिरपा दांडा घालता येत नव्हता. म्हणून खांब आणि मयाल यांच्या कोपऱ्यांत आखूड, जाड दांडे बसविले.

पत्रे बसविण्याचे काम दोन दिवसांत झाले. पूर्वेकडून आरंभ करून पश्चिमेकडे जावयाचे, म्हणजे प्रत्येक नव्या पत्र्याची कड वाऱ्याकडे पाठ करून राहते आणि पाऊस सांध्यात शिरत नाही. पन्हळीच्या उंचवट्यावर भोक पाडावयाचे, खोलगट भागात नव्हे. कारण पाणी खोलगट भागातून वाहते. मुलाने एक भोक चुकून खोलगटात पाडले. ते डांबराने बुजविले, तरी पुढे ते ठिबकणार, हे सर्वांना ठाऊक होते. विजेच्या दिव्याचे काम तेवढे घरी केले नाही. त्यासाठी जाणकार माणूस बोलाविला. भिंती म्हणून बांबूचे तट्टे लावले आणि ते जमिनीपासून वीतभर वर ठेवले, म्हणजे पेट्रोलची जड वाफ खालून निघून जाईल.

मृगाचा पहिला मोठा पाऊस रात्री आला. दक्षिणेच्या वळचणीचे पाणी चरातून सांदवाडीतील वांग्यांकडे वाहत होते. मुलगा कंदील घेऊन गाडीघरात गेला. ट्रॅक्टर कोरडा होता. फक्त एका ठिकाणी, ट्रॅक्टरच्या बसण्याच्या जागेवर, थेंब थेंब पाणी पडत होते. त्याने कोपऱ्यातील रिकामे घमेले उचलले आणि नेमके त्या थेंबाखाली ठेवले.