गुलामाचे काम करणारे नट

अमेरिकेत लेव्हार बर्टन नावाचे नट आहेत. जन्म १९५७ सालचा. आई शिक्षिका. १३ व्या वर्षी ते पाद्री होण्यासाठी शिकायला गेले. पण मन रमेना. मग नाटकाचे शिक्षण धरले.

१९ व्या वर्षी त्यांना टीव्हीवर मोठे काम मिळाले. मालिकेचे नाव ‘रूट्स’, म्हणजे मुळे. १९७७ च्या जानेवारीत ती ८ रात्री दाखवली. आफ्रिकेतला तरुण कुंटा किंटे. त्याला पकडून, साखळदंड घालून जहाजाने अमेरिकेत नेतात नि विकतात. मालक त्याचे नाव ‘टोबी’ ठेवतो. तो म्हणेना. मग चाबकाचे फटके. शेवटी मार सोसवेना, तेव्हा बिचारा ‘टोबी’ म्हणतो. ते पाहताना आमच्याही पोटात कालवते.

बर्टन याच गुलाम केलेल्यांच्या समाजातले. गुलामगिरीच्या काळी दक्षिणेच्या बऱ्याच राज्यांत गुलामांना लिहावाचायला शिकवणे गुन्हा होता. का बरे? वाचता आले तर हे लोक खोटा परवाना लिहून पळतील, बंड करतील, ही मालकांना धास्ती!

पुढे एका मालिकेत बर्टन आंधळे इंजिनियर झाले. पण आम्हाला मोठे वाटते ते निराळेच काम. १९८३ सालापासून ते टीव्हीवर मुलांसाठी ‘रीडिंग रेनबो’, म्हणजे वाचनाचे इंद्रधनुष्य, हा कार्यक्रम सादर करू लागले. उन्हाळ्याच्या सुटीत मुले वाचन विसरतात, म्हणून तो काढला होता. (मोठी माणसे काय कमी विसरतात?) त्यात गोष्टीची पुस्तके वाचून दाखवीत. शेवटी मुलेच पुढे येत नि आपल्या आवडीचे पुस्तक इतरांना सांगत. २००६ पर्यंत त्याचे नवे भाग निघत होते.