बातमीत नसलेले तास

सकाळी चहाबरोबर पेपर आणि पेपराबरोबर कुरकुर, हा माझा पंचवीस वर्षांचा नेम आहे. घरच्यांनी आता त्याकडे लक्ष देणे सोडले आहे. राजकारणाच्या बातम्यांवर चिडून रक्तदाब वाढवू नका, असे मी रुग्णांना सांगतो आणि स्वतःही बऱ्यापैकी पाळतो. पण पाऊस लागून भाताची लावणी सुरू झाली, की आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी येऊ लागते. ती वाचल्यावर मात्र गप्प बसवत नाही. विषारी साप चावून अमक्या पाड्यावरच्या मजुराचा मृत्यू. गाव असते, वय असते, मागे किती मुले तेही असते. साप किती वाजता चावला आणि माणूस रुग्णालयात किती वाजता पोचला, एवढेच नसते. डॉक्टरला वाचायचे असते नेमके तेच.

हे मधले तास कुठे जातात, ते शहापूर-मुरबाडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आधी भगताकडे. तिथे मिरची तिखट लागते का, कडुलिंबाचा पाला कडू लागतो का, हे बघितले जाते. मग मंत्र, मग मुळी. भगताला गुण येतो असे लोक शपथेवर सांगतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही कित्येकदा चावतो, पण विष सोडत नाही. अशी माणसे काहीही न करता बरी झाली असती. श्रेय भगताला मिळते. खऱ्या विषाचा रुग्ण आमच्याकडे येतो तो उशिरा, आणि मग ‘दवाखान्यात नेल्यावर गेला’ अशी नोंद आमच्या नावावर होते.

आपल्याकडे माणूस मारणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस व फुरसे चावले की आग होते, सूज चढते, हिरड्यांतून रक्त येते. घोणशीच्या विषाने पुढे लघवी कमी होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. इथे एक साधी तपासणी उपयोगी पडते. दोन मि.ली. ताजे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच राहिले तर विषाने गोठण्याची शक्ती नष्ट केली आहे. मात्र रक्त गोठले म्हणजे सुटलो, असे नाही. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर जाते. त्यात रक्त व्यवस्थित गोठते.

मला सर्वांत भीती वाटते ती मण्यारीची. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावल्याचे बहुधा कळतही नाही. ना सूज, ना जखम.

मागे एका पावसाळ्यात मी मुरबाडकडे दवाखान्यात असताना सकाळी नऊच्या सुमारास दहा वर्षांच्या मुलाला त्याचे वडील घेऊन आले. पहाटेपासून पोट दुखत होते, दोन उलट्या झाल्या होत्या.

“पित्त झालंय, साहेब. रातची झोप पण नाय झाली त्याची, डोळंच उघडत नाय.”

मुलाला छताकडे बघायला सांगितले. पापण्या वर जाईनात. एका श्वासात आकडे मोज म्हटले, तर सातावर थांबला. घरात सगळे जमिनीवरच झोपतात, हे विचारल्यावर कळले. अंगावर दंशाची खूण सापडली नाही. तिथेच गाडीत घालून सरकारी रुग्णालयात नेले. वाटेत श्वास द्यावा लागला तर हाताने दाबायची अँबू बॅग मी मांडीवर ठेवली होती, आणि शेवटच्या वळणावर ती लागलीच. इंजेक्शन मिळाले, पुढे मोठ्या रुग्णालयात तीन दिवस कृत्रिम श्वासावर ठेवले. चौथ्या दिवशी तो स्वतः श्वास घेऊ लागला. नंतर त्याने सांगितले, की हलता-बोलता येत नव्हते, पण आईचे रडणे सगळे ऐकू येत होते. अशा रुग्णाला ‘गेला’ म्हणून कोणी सोडून देऊ नये.

सापाचे इंजेक्शन या चारही सापांवर चालते. म्हणून साप मारून आणण्यात वेळ घालवू नका; मेलेल्या सापाचे डोकेही चावते. लांबून मोबाईलवर फोटो निघाला तर ठीक. इंजेक्शन सरकारी रुग्णालयात फुकट मिळते. त्याची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून ते घरी घ्यायचे नाही. मूल लहान म्हणून डोस कमी होत नाही, कारण सापाने विष मोजून दिलेले नसते.

दोरी करकचून बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने चोखणे पूर्ण बंद. बांधून आणलेच असेल तर घरी सोडू नका, डॉक्टरांसमोर सुटू द्या. अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा. हाता-पायाला फळी किंवा काठी सैलसर बांधून तो हलू देऊ नका, रुग्णाला चालवू नका. उलटी होत असेल तर कुशीवर निजवा. १०८ ला फोन करा आणि घड्याळात वेळ बघून ठेवा.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाची नोंद सक्तीची करा, असे राज्यांना कळवले. उशीर झाला, पण झाले ते बरे.

खाट नसेल तर निदान मच्छरदाणी लावा, आणि तिच्या कडा चारही बाजूंनी अंथरुणाखाली नीट खोचा. नुसती टांगलेली मच्छरदाणी डासालाही अडवत नाही, मण्यारीला कुठली अडवणार? रात्री बाहेर जाताना बॅटरी हातात हवी. लाकडाचा भारा आणि कोंबड्यांचे खुराडे झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून असेल, तर या रविवारी हलवा.