यकृतातील मेद : नाव एक, कारणे अनेक

सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ असे लिहिलेले दिसले की वसई-विरार परिसरातील कुटुंबे प्रथम आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे धाव घेतात. तेथे कधी ‘हे हल्ली सर्वांनाच असते’, तर कधी ‘दारू सोडा’ असे उत्तर मिळते. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. एका भगिनीने आमच्या चौकशी खिडकीवर विचारले होते, ‘‘साहेब, आमच्या घरी दारूला कोणी शिवत नाही. मग हा आजार कसा?’’ प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने, डॉक्टरांकडून समजून घेतलेले उत्तर येथे नम्रपणे मांडीत आहे.

मद्यपान न करणाऱ्यांच्या यकृतातही मद्यपींसारखेच बदल आढळतात, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. लुडविग व सहकाऱ्यांनी १९८० साली नोंदविले. जून २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी या आजाराची नव्याने वर्गवारी केली. तिचे मुख्य प्रकार असे :

१) वाढलेले वजन वा कंबरेचा घेर, वाढलेली साखर, रक्तदाब, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण यांच्याशी निगडित;
२) मद्यपानामुळे होणारा;
३) या दोहोंच्या संयोगाने होणारा.

याखेरीज काही औषधे व आनुवंशिक विकार हीही कारणे असतात. कारण बदलले की उपायही बदलतो.

सडपातळ व्यक्तींनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची व एका ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा समान, २२.३, परंतु शरीरातील मेद सहकाऱ्याचा ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिकांचा २१.२ टक्के!

दुसरी महत्त्वाची बाब अशी की, सोनोग्राफीतील ग्रेड मेदाचे प्रमाण सांगते. यकृत किती कठीण झाले आहे हे सांगत नाही. त्यासाठी वय, यकृताची दोन एन्झाइम्स आणि प्लेटलेट्स यांवरून ‘फिब-४’ हा अंक काढता येतो. तो १.३ पेक्षा कमी असल्यास सामान्यतः धोका कमी समजतात, २.६७ पेक्षा अधिक असल्यास तज्ज्ञांकडे पाठविणे आवश्यक ठरते. पासष्टीनंतर मर्यादा निराळी असते. नेहमीच्या रक्ततपासणीतून हे सर्व साधते.

केंद्र शासनाने २०२१ साली हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना व प्रशिक्षण पुस्तिका प्रसृत केली. वजन अधिक असल्यास ते हळूहळू ७ ते १० टक्के उतरविल्याने, म्हणजे ८० किलोच्या व्यक्तीने सुमारे ६ ते ८ किलो कमी केल्याने, यकृताची सूज ओसरू शकते.

नातेवाइकांनी डॉक्टरांना दोनच प्रश्न अवश्य विचारावेत : ‘कारण कोणते?’ आणि ‘यकृत कठीण झाले आहे काय?’ विश्वस्त व देणगीदारांस विनंती की, यंत्रसामग्रीइतकेच फॅमिली डॉक्टरांच्या प्रशिक्षणासही साहाय्य करावे. आजार वेळीच ओळखला जातो तो त्यांच्याच दवाखान्यात.