हृदयरोगाच्या उपचारात डॉक्टरांच्या शब्दाचे मोल

हात मोडला तर माणूस वेदनेने कळवळतो. छातीत कळ आली तर तो वेदनेपेक्षाही भयाने अधिक खचतो. हृदय हे प्राणाचे ठिकाण, ही समजूत लोकमानसात खोलवर रुजलेली आहे. त्यामुळे हृदयरोगाचा रुग्ण दवाखान्याच्या पायरीवर येतो, तो औषधाइतकाच अभयाच्या शोधात. डॉक्टरांचा चेहरा, स्वर आणि मुखातून निघणारा प्रत्येक शब्द तो टिपून घेत असतो. डॉक्टरांची करुणा हा निव्वळ सौजन्याचा भाग नसून उपचाराचेच एक अंग कसे आहे, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

दोन शब्द, दोन परिणाम

अमेरिकेतील बोस्टन शहराच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात १९५० च्या सुमारास डॉ. सॅम्युएल लेव्हाईन हे नामांकित हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांच्या हाताखाली डॉ. बर्नार्ड लाऊन हे तरुण डॉक्टर उमेदवारी करीत होते. हृदयाची विस्कळीत झालेली लय विजेच्या झटक्याने पूर्ववत करणारे एकदिश प्रवाहाचे यंत्र १९६२ मध्ये पुढे आणणारे लाऊन ते हेच. अण्वस्त्रांविरुद्ध जगभरातील डॉक्टरांना एकत्र आणणाऱ्या ज्या संघटनेस १९८५ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, तिचे ते एक संस्थापक होत. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या काळातील एक प्रसंग लाऊन यांनी पुढे लिहून ठेवला. हृदयाची त्रिदल झडप अरुंद झालेली एक मध्यमवयीन महिला लेव्हाईन यांच्याकडे दीर्घकाळ उपचार घेत होती. ती ग्रंथपाल होती. पायांवर थोडी सूज असे. तथापि नोकरी आणि घरकाम ती नेटाने पार पाडीत असे. एके दिवशी गर्दीच्या वेळी लेव्हाईन सहकाऱ्यांसह आले, या बाईंना ‘टी. एस.’ आहे एवढेच त्यांना सांगून निघून गेले. डॉक्टरी परिभाषेत ही ‘ट्रायकस्पिड स्टेनोसिस’ या झडपेच्या विकाराची आद्याक्षरे. बाईंनी मात्र त्यांचा अर्थ ‘टर्मिनल सिच्युएशन’, म्हणजे अंतिम अवस्था, असा घेतला. त्यांचा श्वास जोराने चालू लागला, नाडी धावू लागली. लाऊन यांनी खरा अर्थ परोपरीने सांगितला; पण ज्यांच्या शब्दावर त्यांची श्रद्धा होती ते लेव्हाईन त्या वेळी सापडू शकले नाहीत. फुफ्फुसांत पाणी भरून त्याच दिवशी त्यांचा अंत झाला.

याच्या अगदी उलट असा दुसरा प्रसंग. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानंतर एका रुग्णाची आशा जवळजवळ सुटली होती. त्याला तपासून लाऊन सहकाऱ्यांना म्हणाले की, याच्या हृदयात चांगली ठणठणीत ‘गॅलप’ ऐकू येते. गॅलप म्हणजे घोड्याची दौड. हृदयाच्या ठोक्यांत असा जादा आवाज येणे हे वास्तविक हृदय थकल्याचे चिन्ह. रुग्णाने मात्र ‘हृदयात अजून घोड्याचे बळ आहे’ असा अर्थ घेतला आणि तो बरा झाला. हा उलगडा त्याने स्वतःच काही महिन्यांनी केला.

दोन्ही ठिकाणी रुग्णाने शब्दाचा अर्थ चुकीचाच लावला होता. लेव्हाईन हे निष्ठुर नव्हते. रुग्णांविषयीच्या आस्थेसाठीच ते ओळखले जात. चूक झाली ती घाईच्या एका क्षणी. म्हणूनच हा धडा सर्वांनाच लागू पडतो.

भय आणि हृदय

यात चमत्कार काहीच नाही. भय वाटताच शरीरात अॅड्रिनलीन हे द्रव्य स्रवते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो आणि हृदयाची प्राणवायूची गरज वाढते. निरोगी हृदय हा भार सहज पेलते. आजारी हृदयास तो जड जातो. धीराचा शब्द हा भार हलका करतो. मात्र धीर देणे म्हणजे औषधाला पर्याय नव्हे, की रोग लपवून खोटी आशा दाखवणेही नव्हे. रोगाचे खरे स्वरूप रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगावे आणि त्याचबरोबर पुढे काय करता येईल तेही सांगावे, एवढाच त्याचा अर्थ.

पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णास कित्येक आठवडे अंथरुणावर निश्चल पडून राहावे लागे. लेव्हाईन व लाऊन यांनी १९५२ मध्ये अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याची पद्धत मांडली. खुर्चीत बसलेल्या रुग्णाला आपण पुन्हा उभे राहू, असा विश्वास वाटू लागे.

आपल्या परंपरेलाही हा विचार नवा नाही. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद चरकसंहितेने सांगितले असून आर्तांविषयी कारुण्य हा वैद्यवृत्तीचा भाग मानला आहे. भारतात २०१९ पासून एम. बी. बी. एस.च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांचे शिक्षणही समाविष्ट झाले आहे.

ग्रामीण भागातील कसोटी

मोठ्या रुग्णालयातील ही गोष्ट खेड्यातील आरोग्य केंद्रालाही तितकीच लागू आहे. संधिवाताच्या तापाचे उदाहरण घ्यावे. साधारणतः ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांना विशिष्ट जंतूंमुळे घसा धरतो, पुढे ताप येतो, सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते. एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलास दर तीन ते चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. तसे न केल्यास ताप उलटण्याचा आणि झडपा अधिक बिघडण्याचा धोका असतो.

हे इंजेक्शन दुखते. मूल रडते, आईची मजुरी बुडते. अशा वेळी ‘मागच्या महिन्यात का आली नाहीस?’ म्हणून दरडावले, तर ती मुलगी पुढच्या वेळी येईलच असे नाही. ‘आलीस, बरे केलेस’ असे म्हणून दुखणाऱ्या जागेवर क्षणभर हात ठेवला, पुढची तारीख कागदावर लिहून दिली आणि हे इंजेक्शन कशासाठी आहे ते आईला समजावले, तर ती पुन्हा येण्याचा संभव कितीतरी वाढतो. येथे गोड शब्द झडपेचे रक्षण करतो, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

सर्वांचा वाटा

बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांपुढे रांग असते, ही अडचण खरीच आहे. तरीही रुग्णाजवळ बसून बोलणे, त्याचे म्हणणे मध्येच न तोडणे, त्याच्यादेखत सांकेतिक भाषेत चर्चा न करणे आणि निघताना ‘काही विचारायचे आहे का?’ असे विचारणे, यास फार वेळ लागत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्या व शाळांतील मुलांची तपासणी करीत आहेत. तपासणीत हृदयदोष आढळलेल्या मुलाच्या पालकांना शिक्षकांनी धीर द्यावा आणि मूल पुढील तपासणीस गेले की नाही, हे पाहावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयांतील आरोग्यमित्रांकडे ग्रामस्थांना पोहोचवणे हे पंचायत सदस्यांना सहज शक्य आहे. रुग्ण कल्याण समितीने तपासणीच्या जागी एक पडदा आणि थांबणाऱ्यांसाठी एक बाक यांची सोय केली, तरी रुग्णाचे अर्धे अवघडलेपण दूर होईल.

यंत्रे आणि औषधे यांसाठी निधी लागतो, मागणीपत्रे लागतात. करुणेसाठी यांतील काहीच लागत नाही. मात्र तिची उणीव पडली, तर किती मोल द्यावे लागते, हे बोस्टनच्या त्या ग्रंथपाल महिलेच्या उदाहरणावरून ध्यानात यावे.