ऑइल एंजिनातील ठोका कसा ओळखावा?

रब्बीचा गहू ओंबीवर आला आहे, विहिरीत पाणी आहे आणि नेमक्या त्याच वेळी एंजिनातून ‘ठक् ठक्’ असा अपरिचित आवाज येऊ लागतो. अशा प्रसंगी शेतकऱ्यास दोन मोह होतात. पाण्याची पाळी संपेपर्यंत एंजिन तसेच रेटावे, हा एक. आणि मेस्त्रीस बोलावून सगळे एंजिन खोलावे, हा दुसरा. पहिल्या मोहापायी क्रँक शाफ्ट निकामी होण्याचा संभव असतो. दुसऱ्यापायी पुष्कळदा निष्कारण खर्च होतो व पिकाचे पाणी चुकते. ठोका हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण होय. तो कोठून, केव्हा व कशा प्रकारचा येतो हे लक्षपूर्वक पाहिल्यास दोषाचा बराचसा उलगडा एंजिन न खोलताच होतो.

प्रथम वंगण पाहावे

नवा ठोका ऐकू येताच एंजिन थांबवावे. थोड्या वेळाने तेलकाडी काढून वंगणाची पातळी पाहावी व दोन थेंब बोटांत चोळावेत. चिकटपणा गेला असेल व डिझेलचा वास येत असेल, तर वंगण पातळ झाले आहे असे समजावे. क्रँक व बेअरिंग ही एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. तो तुटला की धातूवर धातू आपटतो. वंगण कमी पडून ठोका सुरू झाला असल्यास, नुसते तेल ओतून एंजिन पुन्हा चालू करू नये. खरवडलेले बेअरिंग तेलाने भरून येत नाही. ते तपासून घेणे अवश्य आहे.

आवाज एंजिनाचाच आहे काय?

वंगण ठीक असल्यास, एंजिन बंद असतानाच पट्टा उतरवून ते मोकळे चालवून पाहावे. एंजिनास थंड करणारे पाणी पंपाकडूनच येत असेल, तर ही परीक्षा एक-दोन मिनिटांतच आटोपावी. आवाज नाहीसा झाला, तर पट्टा व पंप यांकडे वळावे. पट्ट्याचा सांधा कप्पीवर आपटूनही ठोका ऐकू येतो. मात्र त्याची लय एंजिनाच्या लयीहून संथ असते. कप्पीचा परीघ १ मीटर व पट्टा ६ मीटर लांब असेल, तर सांधा कप्पीच्या सहा फेऱ्यांत एकदाच तिच्यावर येतो. पंप हाताने फिरवून त्याच्या बेअरिंगमधील खडखड तपासावी. तेथे काही न आढळल्यास दोष एंजिनाकडेच शोधावा, कारण बोजा कमी झाल्याने एंजिनातील बेअरिंगचा ठोकाही मंदावतो.

इंधनाचा ठोका

डिझेल एंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा इतकी दाबतो की तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते. दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्याच्या किंचित आधी नोझलमधून इंधनाचा फवारा येतो व तो या तप्त हवेत पेटतो. फवारा वेळेपूर्वी आला किंवा पेटण्यास उशीर लागला, तर साचलेले इंधन एकदम भडकते आणि तीक्ष्ण, धातूसारखा ठोका बसतो. गळके नोझल, चुकलेली इंधनाची वेळ व पेट्रोलची भेसळ असलेले डिझेल ही याची नेहमीची कारणे होत. थंड एंजिन सुरू करताना येणारा व ते तापताच जाणारा हलका ठोका मात्र स्वाभाविक आहे.

याची परीक्षा सोपी आहे. चालत्या एंजिनाचे इंधन तोडावे. फ्लायव्हील काही क्षण फिरत राहते, त्या अवधीत कान द्यावा. तीक्ष्ण ठोका तत्क्षणी थांबला, तर प्रथम नोझल तपासून घ्यावे. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कदापि धरू नये. त्याचा दाब कातडीच्या आत शिरण्याइतका असतो.

भागाभागांचे आवाज

एक हातभर लाकडी दांडा घेऊन त्याचे एक टोक एंजिनाच्या स्थिर भागावर व दुसरे कानाजवळ टेकवावे. धोतराचा सोगा, उपरणे वा पदर पट्ट्यापासून व फ्लायव्हीलपासून दूर ठेवावा.

वरच्या बाजूस हलकी, नियमित टकटक ऐकू आल्यास ती बहुधा व्हॉल्व्हची असते. चार-फटकी एंजिन मिनिटास १,५०० फेरे करीत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह ७५० वेळा उघडतो. म्हणून ही लय एंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्मी असते. एंजिनाबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतील मापाप्रमाणे अंतर बसविले की ती जाते.

सिलिंडरच्या बाजूस पोकळ आवाज येत असेल व एंजिन तापल्यावर तो कमी होत असेल, तर दट्ट्या व लायनर झिजले असावेत. ही दुरुस्ती पाळी संपेपर्यंत सहसा थांबू शकते. खालच्या बाजूस जड, दबका ठोका येत असेल व बोजा पडताच तो वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा संशय धरावा. हे काम एक दिवसही लांबवू नये.

खोलण्यापूर्वी एक गोष्ट

जड ठोका ऐकून एंजिन खोलावे आणि बेअरिंग सुस्थितीत निघावे, असे घडते. अशा वेळी दोष बहुधा फ्लायव्हीलच्या सैल चावीचा असतो. तिचा ठोका बेअरिंगच्या ठोक्यासारखाच असतो. एंजिन बंद व इंधन तोडलेले असताना एकाने दुसऱ्या बाजूचे चाक घट्ट धरावे व दुसऱ्याने फ्लायव्हील मागे-पुढे हलवावे. चावीपाशी बोट ठेवल्यास शाफ्ट व चाक यांमधील हालचाल बोटास कळते. ती आढळल्यास नवी चावी नीट बसवून घ्यावी. पत्र्याचा तुकडा ठोकून वेळ भागवू नये. सुटलेले फ्लायव्हील प्राणघातक ठरते.

मेस्त्री येईल तेव्हा ‘एंजिन वाजते’ एवढेच न सांगता ठोका थंड असताना येतो की तापल्यावर, बोजावर की मोकळे असताना, वरून की खालून, आणि इंधन तोडल्यावर थांबतो की नाही, ही चार उत्तरे द्यावीत. एवढ्याने अर्धे काम होते, खर्च वाचतो आणि गव्हास पाणी वेळेवर मिळते.